दारात बाज, उशाखाली प्लग

आमच्या घराला दार एकच होतं आणि त्या दारात माझे सासरे होते.

उभे नव्हते, आडवे होते. पुढं गॅरेज, मागं दोन खोल्या नि मोरी, आणि दोन्हींच्या मधली जी चौकट, तिच्यात त्यांची बाज. बाजूला उरलेली जागा एवढीच, की माणसानं अंग चोरून, पोट आत ओढून निघावं. घागर आणायची तर ती डोक्यावर धरून खेकड्यासारखं तिरपं चालायचं. एक लॉरी जॅकवरून घसरली नि त्यांच्या कंबरेवर बसली, तेव्हापासून ते तिथंच. "डाक्टरनं पडून ऱ्हा म्हणून सांगितलं," ते म्हणायचे, "कुटं पडून ऱ्हा ते न्हाई सांगितलं." त्या जागेवरून डावीकडं मुंबई-पुण्याचा रस्ता दिसे, समोर गॅरेज दिसे, आणि मागं चुलीपाशी कुणी कुजबुजलं तर तेही ऐकू येई. 

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. चिंचवडच्या आसपास तेव्हा ज्वारी डुलायची. पिंपरीला निर्वासितांच्या बराकी, देहूरोडला लष्कर, आणि मधून हा रस्ता. कारखान्यांनी नुकती कुठं कुंपणं घालायला घेतली होती. गावातले सगळे माझ्या सासऱ्यांना तात्या म्हणत. मी मामंजी म्हणे. ते मला 'म्याट्रिक' म्हणत.

या नावाचा उगम माझ्या गृहप्रवेशात आहे. नव्या नवरीनं उंबऱ्यावरचं माप पायानं लवंडून आत यायचं असतं. आता उंबऱ्यावर बाज, बाजेवर सासरा, तर माप ठेवायचं कुठं? कुणीतरी ते बाजेच्या पायथ्याशी ठेवलं. मी पुण्याची, मॅट्रिक पास, अंगात नको तेवढा झोक. हलक्या पायानं लवंडायचं तर मी फुटबॉल मारावा तसा पाय मारला. तांदूळ उडाले ते थेट मामंजींच्या मिशीत. त्यांनी मिशीतले दोन दाणे काढले, तोंडात टाकले, चावून बघितले आणि म्हणाले, "जुना तांदूळ हाय. बरा हाय."

मग माझी ट्रंक. ती काही बाजेशेजारून निघेना. शेवटी चौघांनी ती उचलून मामंजींच्या अंगावरून आत नेली. मोटारीखाली झोपून बघावं तसे ते ट्रंकेचं बूड बघत होते.

"गंजलंय कडंला. काय भरलंय? धोंडं?"

"पुस्तकं," मी म्हणाले. नव्या नवरीनं बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं, पण तोंडाला ठाऊक नव्हतं.

"किती शिकलीस?"

"मॅट्रिक."

"मंग म्याट्रिक, ट्रंक आत आली खरी. भाईर कशी जायची, ह्याचा काय इचार केलाईस?"

सगळे हसले. मीही हसले, पदरात. त्या पोरीला हसू कशाचं येत होतं कोण जाणे. आज ती मला भेटली तर आधी एक धपाटा घालीन, मग पोटाशी धरीन.

दुसऱ्या दिवसापासून हसू गेलं. रस्त्यावरून जग दोन्ही दिशांना जायचं, मुंबईला आणि पुण्याला, आणि आमच्यापाशी थांबायचं ते फक्त बिघडलेलं. मी मागच्या खोलीत. दारात बाज. बाहेर जायचं म्हणजे मामंजींच्या डोळ्यांखालून जायचं, आणि दर वेळी "कुटं?" "पाण्याला." "आत्ताच आनलंस की." पत्र्याच्या डब्यावर त्यांची काठी वाजायची, एकदा वाजली की सासूबाई, दोनदा वाजली की मी. पावलावरून ते माणूस ओळखत, आणि पाऊल कसं पडतंय यावरून त्या माणसाचं मनही. "म्याट्रिक आज टाचंवर चालतीया. माहेरचं पत्र न्हाई आलं वाटतं." एकदा मी सासूबाईंपाशी रडगाणं लावलं, की या बाजेमुळं जीव गुदमरतो. त्यांनी भाकरी थापता थापता मान वर न करता सांगितलं, "मला तर बाज नव्हती तवाबी भाईर जाता आलं न्हाई."

आता मामंजींच्या उशाखालच्या बटव्याबद्दल सांगते. लोकांच्या बटव्यात सुपारी नि चुना असतो. यांच्या बटव्यात प्लग. इंजिनात ठिणगी पाडणारी ती बोटाएवढी चीज. लढाईत ते इराकात लष्कराच्या मोटारी दुरुस्त करत होते. तिथून आणलेली विद्या ही एकच, आणि बाकी थापा. वाळूत अंडं पुरून उकडतं, उंटाला पेट्रोलचा वास आवडतो, असल्या. पण प्लगच्या बाबतीत थाप नाही. त्याच्या टोकाला चिनी मातीचं पांढरं नाक असतं. नाक लांब असलं की आतली उष्णता लवकर बाहेर जात नाही. तो गरम प्लग. नाक आखूड असलं की उष्णता पटकन निघून जाते, तो थंड. "लांब नाकाचं एकदा तापलं की तापलेलंच ऱ्हातं," असं म्हणून ते सासूबाईंकडं बघायचे. सासूबाई नाक उडवून आत जायच्या.

थंड प्लग सावकाश चालणाऱ्या गाडीत घातला की काजळी धरतो, ओला काळा होतो, ठिणगीच पडत नाही. गरम प्लग पळणाऱ्या इंजिनात घातला की निखाऱ्यासारखा लाल होतो, ठिणगी पडायच्या आधीच आतलं पेट्रोल पेटवतो, आणि बघता बघता पिस्टनला भोक. या दोहोंच्या मधला तो बरोबर, आणि त्याचं नाक खारकेच्या रंगाचं निघतं. कोरडं, खारकेसारखं. रस्त्यावरचे ड्रायव्हर गाडी थांबवून प्लग काढून आणत आणि बाजेपाशी उभे राहत. मामंजी तो उजेडाकडं धरून फिरवत आणि सांगत, "घाटात लई दाबतोस," किंवा "तेल खाती गाडी, प्लगला दोष देऊ नगं." भाकरीही ते तशीच उलटी करून बघत. माझी पहिली भाकरी बघून म्हणाले होते, "थंड प्लग."

त्या काळात मी एकदा त्यांना शास्त्र शिकवायला गेले. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर, आणि तोंडात मॅट्रिकचं विज्ञान. म्हटलं, "मामंजी, जोराचं इंजिन जास्त तापतं, म्हणजे त्याला गरमच प्लग हवा ना? सारख्याला सारखं."

त्यांनी मला नीट बघून घेतलं. "म्याट्रिक, तू वैशाखात घोंगडी पांघरतीस व्हय?"

गॅरेजातून आमच्या ह्यांचं हसू ऐकू आलं. आमचे हे म्हणजे शंकर, मामंजींचा एकुलता मुलगा. हात सोन्याचे, पण वडिलांपुढं जीभ टाळूला चिकटायची. मामंजी त्यांना कधी काही समजावून सांगत नसत. "घाल." "काढ." "पुन्ना काढ." का, म्हणून विचारलं की एकच उत्तर, "इचारू नगं. मला इराकात कुणी सांगितलं हुतं?" हे मान खाली घालायचे आणि करायचे. अख्खं गॅरेज हे चालवत होते, आणि तरी प्लग बटव्यातून काढायचा तो मामंजींनीच.

मग केकीशेट आले. मुंबईचे पारशी गृहस्थ, डोक्यावर हॅट, आणि शौक स्वतः शर्यतीच्या मोटारसायकली पळवायचा. खोपोलीकडून घाट चढायची शर्यत व्हायची, त्यासाठी काही तास रस्ता बंद ठेवत. आदल्या खेपेला त्यांच्या गाडीचा पिस्टन जळाला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं, चिंचवडपाशी एक म्हातारा प्लग वाचतो. त्यांनी एका सिलिंडरचं ते दांडगं यंत्र आमच्याकडं आणून सोडलं, सोबत तऱ्हेतऱ्हेच्या प्लगांची लाकडी पेटी. "तात्या, तू बोलशील तो प्लग," ते म्हणाले. पेटी बाजेखाली गेली.

जाताना ते ह्यांना रस्त्याच्या कडेला घेऊन गेले आणि हळू आवाजात बोलले. हे आत आले, पोट आत ओढून बाजेशेजारून निघाले, आणि मोरीपाशी मला म्हणाले, "घाट नीट चढला तर शेट मला मुंबईला नेत्यात. त्येंच्या वर्कशापात. वर खोली हाय. दोघांनी ऱ्हा म्हणत्यात."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. खोली! त्या पोरीनं तिथल्या तिथं त्या खोलीत खुंट्या ठोकल्या, पडदे लावले, आणि मुख्य म्हणजे त्या खोलीला एक दार दिलं, ज्यात कुणीही झोपलेलं नव्हतं.

हे म्हणाले, "पर प्लग तात्या देनार."

तेव्हा मला कळलं की आपण कुठं अडकलोय. बरोबर प्लग दिला तर मुलगा जाणार, गॅरेजला कुलूप लागणार, आणि दारातल्या बाजेवर एक मोडका म्हातारा नि एक म्हातारी एवढीच उरणार. चुकीचा दिला तर सगळं होतं तसंच राहणार. आणि मामंजींना कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणजेच त्यांना सगळं ठाऊक होतं. देहूरोडला ज्यांचं लष्करी भंगाराचं दुकान होतं, त्या उस्मानभाईंनीही हेच ओळखलं. आमच्याकडं ट्रक घेऊन नेहमी यायचे, घरच्यासारखे. ह्यांना म्हणाले, "शंकरभाऊ, चाबी बुढ्ढेके उशीखाली है. खूश ठेव त्याला."

खूश ठेवण्याचं खातं माझ्याकडं आलं. मी मामंजींच्या पायांना तेल चोळलं. आंघोळीचं पाणी न सांगता कढत केलं. कोंबडीचा रस्सा केला आणि तंगडी त्यांच्या वाटीत पडेल असं पाहिलं. "मामंजी, इराकातली ती उंटाची गोष्ट सांगा ना," असंही एकदा म्हणाले. इतकी मी खालच्या थराला गेले होते.

त्यांनी रश्श्यावरची तर्री बोटानं बाजूला सारली. "लई तेल घातलंस आज. काय पायजे?"

"काही नाही, मामंजी."

"मंग तेल वाचीव."

चाचणी पहाट उजाडता उजाडता व्हायची, रस्ता मोकळा असताना. हे आकुर्डीकडून पूर्ण वेगात यायचे आणि आमच्या घराच्या जरा आधी इंजिन एकदम बंद करून नुसत्या गतीवर दारापर्यंत घरंगळत यायचे. "सावकाश चालवत आनलास तर प्लग खोटं बोलंल," मामंजींचं म्हणणं. "पळता पळता मेला पायजे, मंगच खरं सांगतो." ह्यांचे हात तेलकट, आणि प्लगच्या नाकाला बोट लागलेलं मामंजींना खपत नसे. म्हणून मी चुलीवरची सांडशी घेऊन उभी. हे पान्यानं प्लग सैल करायचे, मी तो सांडशीत धरून, पदर सावरत, बाजेपाशी पळायचे. गावातल्या बायका पाण्याला जाताना थांबून बघायच्या. एकीनं विचारलंही, "काय गं, सकाळच्या पारी हे काय तळतीस?"

मधल्या नाकाचा प्लग घातला तो खारकेसारखा निघाला. कोरडा, सुंदर. ह्यांचा चेहरा फुलला. मामंजी म्हणाले, "आता आखूड नाकाचा घाल."

तो थंड प्लग घातल्यावर यंत्र सुरूच होईना. झालं तेही खोकत, शिंकत. धावून आलं आणि मी सांडशीत धरलेला प्लग बघितला, तर काळा, ओला. मलासुद्धा कळलं, हा नाही. मामंजींनी दोन्ही शेजारी धरून बराच वेळ बघितले. मग दोन्ही बटव्यात टाकले आणि नाडी ओढली.

शर्यतीच्या दिवशी उस्मानभाईंच्या ट्रकवर यंत्र चढलं. हे बाजेपाशी आले. मामंजींनी खारकेच्या रंगाचा तो मधला प्लग त्यांच्या हातावर ठेवला. "इंजान गरम करताना नि लायनीत हुबं ऱ्हाताना ह्यो." मग उशाखालून खणाच्या चिंधीत गाठ मारून बांधलेला दुसरा काढला. "सुटायच्या टायमाला त्यो काढून ह्यो घाल."

ह्यांनी चिंधीवरून चाचपलं. नाक आखूड होतं.

"तात्या, ह्यो तर काळा पडला हुता."

"पुसलाय म्या. घाल."

"पर सपाटीला चालंना, घाटात कसा चालंल?"

"इचारू नगं. घाल म्हन्तो ना."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात सगळं होतं: बघितलंस? म्हातारा सोडत नाही आपल्याला. मग ते अंग चोरून बाजेशेजारून निघाले आणि ट्रक गेला. मी चुलीपुढं जाऊन बसले. मनातल्या खोलीच्या खुंट्या एकेक करून उपटत होते.

काठी दोनदा वाजली. मग एकदा. म्हणजे आम्ही दोघीही.

"बाज हलवा," मामंजी म्हणाले.

"कुठं?"

"त्या भिताडाला. खिडकीखाली."

सासूबाई म्हणाल्या, "डोस्कं फिरलं का?"

"हलवा म्हन्तो ना."

आम्ही दोघींनी बाज ओढली, त्यांच्यासकट. मी ओढतेय, सासूबाई ढकलतायत, आणि मामंजी वरून हुकूम सोडतायत, "डावं घ्या, डावं! जरा माज्या बाजूनं!" बाज हलली तेव्हा खाली शेणानं सारवलेल्या जमिनीत चार खळगे दिसले. चौकट रिकामी झाली. पुढचा उजेड थेट चुलीपर्यंत आला, आणि मला वाटलं, इतकं धुरकटलेलं आपलं स्वयंपाकघर आहे होय.

"वारं लागत होतं का, मामंजी?"

"तुजी ट्रंक निघंल का आता?"

खूप वेळानं, म्हणजे भांडी उगीच दोनदा घासून झाल्यावर, मी विचारलं, "मग तो काळा प्लग?"

"हितल्या रस्त्याला वारा लागतो इंजनाला. घाटात गाडी तळमळत चढती. वारा कुटनं? इंजान निखाऱ्यावानी हुतं. हितं खारीक निघतो त्यो तिथं जळून जाईल. आनि हितं काळा पडतो त्योच तिथं खारीक निघंल." ते भिंतीकडं बघत बोलत होते. "प्लग गाडी बघून न्हाई घालायचा. गाडी कुटं जानार ते बघून घालायचा."

"मग हे ह्यांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की," ते म्हणाले. "घाल म्हनलं."

त्यानंतर मी काय केलं असेल? ट्रंक भरली. त्या पोरीनं आनंदाच्या भरात ट्रंक भरली, पुस्तकं तळाला, लुगडी वर, आणि लुगड्यांच्या मधे सासूबाईंनी दिलेली तिळाच्या चटणीची बरणी, जी सांडून पुढं दोन लुगडी कामातून गेली. कुलूप लावून ट्रंक दाराशी आणून ठेवली. मामंजींनी तिच्याकडं एकदा बघितलं. म्हणाले, "कडंला तेल लाव. गंजलीया." मी तेल लावलं.

उन्हं उतरली तेव्हा ट्रक थांबल्याचा आवाज आला. मामंजींनी मान वर केली. ऐकलं. आणि हळूच म्हणाले, "पाय वढतोय शंकऱ्या."

हे गॅरेजातून आत आले आणि चौकटीपाशी थबकले. बाज नव्हती. चार खळगे होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लहान पोरानं हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली, "तात्या!"

"हितं हाय," खिडकीखालून आवाज आला. "मेलो न्हाई."

हे त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले. खिशातून खणाची चिंधी काढली. मामंजींनी सकाळी मारलेली गाठ होती तशीच होती. त्यांनी ती नखानं सोडवली, प्लग खिडकीच्या उजेडाकडं धरला, फिरवला. नाक पुसून ठेवलं होतं तसं पांढरं. एक डाग नाही.

"कोरा," ते म्हणाले.

एवढंच. हे मान खाली घालून म्हणाले, "मला वाटलं, तुमी..." पुढचं म्हणायची गरजही नव्हती. मलाही तेच वाटलं होतं की.

बाहेर केकीशेटच्या बुटांचा आवाज झाला. मामंजींची मूठ मिटली आणि मूठ उशाखाली गेली.

"तात्या," शेट हॅट काढून आत आले, "वरची दोन वळणं राहिली होती रे. काय पळत होती गाडी! आनि पिस्टनला भोक. अरे, कुठला प्लग होता?"

ह्यांनी तोंड उघडलं. त्याआधी मामंजी बोलले.

"माजा. माजी चूक, शेट. म्या गरम दिला. डोळं गेलं आता माजं."

त्या घरात मी त्यांच्या तोंडून 'माजी चूक' हे शब्द त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाही. सासूबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी फुंकणी खाली ठेवली. केकीशेटनी मामंजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि ह्यांच्याकडं वळले. चांगला माणूस. म्हणाले, "तुझा काय दोष, शंकर? म्हाताऱ्याचा डोळा चुकला. काम तुझं फर्स्टक्लास. तू चल. खोली रिकामी आहे."

माझी ट्रंक दाराशी होती. कुलूप लावलेली. कडेला तेल चमकत होतं. दार मोकळं होतं.

ह्यांनी वडिलांकडं बघितलं. वडील भिंतीकडं बघत होते.

"न्हाई शेट," हे म्हणाले. "हितं काम हाय."

शेट दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा नाही म्हणाले. उस्मानभाईंच्या ट्रकवरचं यंत्र न उतरवताच मुंबईकडं गेलं. मी ट्रंक मागच्या खोलीत ओढत नेली. ओढताना ती कुठं अडली नाही, याचाच मला राग आला. बाज दारात असती तर निदान तिच्यावर तरी राग काढता आला असता. रात्री जेवताना मामंजींनी भाकरी उलटी करून बघितली नाही. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही, आणि ह्यांच्या ते लक्षात आलं नाही.

रस्त्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. तात्यांचे डोळे गेले. ड्रायव्हर आता प्लग घेऊन थेट ह्यांच्याकडं जाऊ लागले, आणि हे बघून सांगू लागले. बाज खिडकीखालीच राहिली. त्या खिडकीतून रस्ता दिसत नसे, नुसतं मागचं ज्वारीचं रान. ह्यांनी एकदा म्हणून बघितलं, "तात्या, बाज परत दारात घेऊ का?"

"नगं. म्याट्रिकला घागर घिऊन यायला बरं पडतंय."

मला मात्र करमेना. शत्रू असा एकाएकी हत्यार टाकून बसला की आपण काय करायचं? एक दिवस मी सांडशीत गरम प्लग धरून खिडकीशी गेले. "मामंजी, हा बघता का?"

"मला काय दिसतंय? नवऱ्याला दाव."

मी प्लग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि "दूध उतू गेलं" म्हणत आत पळाले. दूध नव्हतंच. दाराआडून बघते तर मामंजींनी इकडं तिकडं बघून प्लग उचलला, उजेडाकडं धरला, फिरवला आणि भिंतीला सांगितलं, "ह्याच्यापरीस एक नंबर जास्त थंड घाला ह्येला."

मी गॅरेजात गेले आणि म्हणाले, "मला आपलं वाटतं, याला एक नंबर जास्त थंड घालावा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. पान्याशी थोडा वेळ चाळा केला. "तुला वाटतं?"

"मला वाटतं."

"मंग घालतो," हे म्हणाले.

तेव्हापासून आमचा हा धंदा सुरू झाला. दूध रोज उतू जाऊ लागलं. मामंजींना ठाऊक, मी दाराआड आहे. ह्यांना ठाऊक, मला काही वाटत नसतं. मला ठाऊक, दोघांना ठाऊक आहे. सासूबाईंनाही ठाऊक; त्या एकदा म्हणाल्या, "एक म्हैस न्हाई घरात, आनि दूध किती उतू घालवतीस गं!" बापलेकांचं बोलणं त्या वाटेनं सुरू राहिलं, माझ्यामार्फत, आणि त्या शर्यतीबद्दल एक अक्षर कधी कुणी बोललं नाही. रस्त्यावरच्या काही ड्रायव्हरांत मात्र असा बोलबाला झाला, की शंकरभाऊंची बायको मॅट्रिक आहे, तिला प्लगातलं कळतं. मी तो खोडून काढला नाही. अजूनही काढत नाही.

मामंजींना मी शेवटचं पाहिलं ते पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायला निघाले तेव्हा. मी परत आले ती मुलीला घेऊन, आणि तोवर खिडकीखालची जागा शेणानं सारवून झाली होती.

त्या सकाळी पुण्याची बस यायची होती. माझं पोट पुढं, चाल बदकाची. ट्रंक तीच, चटणीच्या डागांसकट. हे एका कडीला, उस्मानभाई दुसऱ्या कडीला. मी पाया पडायला वाकायला लागले तर मामंजी म्हणाले, "वाकू नगं. लांबनंच." मी लांबूनच हात जोडले. ते खिडकीकडं तोंड करून पडले होते. एक हात उशाखाली होता. तिथं खणाची चिंधी होती हे मला माहीत होतं. बिछाना मीच झाडायचे.

ट्रंक घेऊन दोघं चौकटीपाशी पोचले, मी त्यांच्या मागं.

"म्याट्रिक."

"काय, मामंजी?"

"ट्रंक निघती का नीट?"

मी बघितलं. ट्रंकेच्या दोन्ही बाजूंनी हातभर जागा होती. जमिनीतले चार खळगे अजून पुरते बुजले नव्हते. उस्मानभाईंचा पाय त्यातल्या एकात अडखळला, त्यांनी सावरलं.

"निघते, मामंजी. आरामात."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि मान वळवली नाही.